ब्रुसेल्सात भाषेप्रमाणे जागा वाटल्यात, तसं गोव्यात झालं तर?

साखळीकार

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण विषय मनात बरेच दिवस घोळतोय.

२०२७ ला आपल्याकडे दोन गोष्टी लागोपाठ येताहेत, विधानसभेची निवडणूक आणि जनगणना. आमच्या वाचनालयात संध्याकाळी पेपर वाचायला बसणारी सात-आठ माणसं आहेत, त्यांच्यात आत्तापासूनच वाद सुरू झालाय की या वेळी मराठीचं काय. एकजण म्हणाला की दर निवडणुकीला राजभाषेचा विषय निघतो आणि निकाल लागला की बासनात जातो, त्यापेक्षा मराठीवाल्यांना विधानसभेत ठरावीक जागाच द्या, मग कुणाच्या दारात जायला नको. आणि त्याने मोबाईलवर बेल्जियमचं दाखवलं. तिथे ब्रुसेल्सची जी प्रादेशिक संसद आहे तिच्यात ८९ जागा आहेत, त्यातल्या ७२ फ्रेंच गटाच्या आणि १७ डच गटाच्या, कायद्यानेच ठरलेल्या, मतं कशीही पडोत तो आकडा हलत नाही.

ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की अरे हे तर बरंच आहे. आपल्या विधानसभेच्या चाळीस जागांत पाच-सहा मराठीच्या, भांडण संपलं. पण घरी आल्यावर मला २०११ आठवलं. जनगणनेच्या बाई आमच्याकडे आलेल्या, मातृभाषा विचारली, बाबांनी सांगितलं मराठी. शेजारच्याच घरात आत्या राहते, बाबांची सख्खी बहीण, तिने सांगितलं कोंकणी. दोघांची आई एक, बोलणं एक, घरात दोघंही कोंकणीच बोलतात, आणि दोघंही सकाळी मराठी पेपर वाचल्याशिवाय चहा घेत नाहीत, आत्या तर एकादशीला हरिपाठ म्हणते. पण त्या दिवशी दोघं असे भांडले की गणपतीपर्यंत बोलणं बंद होतं. म्हणजे एका आईची दोन मुलं सरकारच्या कागदावर दोन भाषांची झाली.

तर माझे दोन प्रश्न. हे ब्रुसेल्सचं प्रत्यक्षात चालतं कसं, कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. आणि आपल्याकडे तसं काही आलं तर बाबा आणि आत्या कुठल्या यादीला मत देणार? खरंच विचारतोय.


परत पर्वरी

मी सहा वर्षं बेल्जियममध्ये होते, आधी लुव्हेनला शिकायला आणि मग ब्रुसेल्सला नोकरीला, आता परत पर्वरीला. त्यामुळे जेवढं डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे राज्य आपल्यासारखं एकाच पद्धतीने वाटलेलं नाही. जमिनीप्रमाणे तीन प्रदेश, फ्लँडर्स, वालोनी आणि ब्रुसेल्स, आणि वर भाषेप्रमाणे तीन समुदाय, डच, फ्रेंच आणि जर्मन. रस्ते, घरं, नोकऱ्या असल्या गोष्टी प्रदेशाकडे आणि शाळा, संस्कृती असल्या गोष्टी समुदायाकडे. फ्लँडर्सने दोन्ही एकत्र करून एकच संसद ठेवली, १२४ सभासदांची, त्यातले ६ ब्रुसेल्समधून निवडून येतात. वालोनीची ७५ ची. ब्रुसेल्सची ८९ ची, जी तुमच्या वाचनालयात दाखवली. आणि पूर्वेला जर्मन सीमेजवळ ऑयपेन म्हणून गाव आहे तिथे जर्मन बोलणाऱ्यांची २५ सभासदांची वेगळी संसद. दर पाच वर्षांनी निवडणूक, प्रमाणाप्रमाणे जागा, मतदारसंघात पाच टक्क्यांच्या खाली राहिलेल्या पक्षाला काही नाही. मतदान सक्तीचं आहे आणि तेही १८९३ पासून.

९ जून २०२४ ला युरोपियन, देशाची आणि प्रदेशाची अशी सगळी मतदानं एकाच दिवशी होती. मला मत नव्हतं कारण नागरिकत्व नव्हतं, पण खालच्या मजल्यावरच्या आजींना मी शाळेत, म्हणजे मतदान केंद्रावर, घेऊन गेले. त्यांनी मला रस्त्यातच समजावलं की यंत्रावर काय होतं. युरोप आणि देशाचं मत देऊन झालं की प्रदेशाच्या वेळी यंत्र आधी विचारतं, फ्रेंच याद्या बघायच्या की डच याद्या. एक निवडली की दुसरी बंद. कुणी तुमचं ओळखपत्र बघून सांगत नाही की तू या भाषेचा, मतदार मोकळा आहे. पण उमेदवार मोकळा नाही, एकदा डच गटातून उभा राहिला की जन्मभर डच गटाचाच, पुढच्या वेळी फ्रेंच यादीत जाता येत नाही. आणि ज्याने डच यादी निवडली त्याला आणखी एक मत मिळतं, फ्लँडर्सच्या संसदेतल्या त्या ६ ब्रुसेल्सवाल्यांसाठी.

आजी घरात फ्रेंच बोलायच्या, नवरा फ्लेमिश, म्हणजे डच बोलणारा, तो गेलेला. त्या म्हणाल्या, मी दर वेळी त्या एका प्रश्नापाशी थांबते, आणि मागे रांग असते. साखळीकार, तुमच्या बाबांची आणि आत्याची गोष्ट वाचली आणि मला त्याच आठवल्या. फरक एवढाच की आजी एकट्याच दोन्ही होत्या.

ते १७ का, तेही सांगते. २००४ च्या आधी तिथे ७५ जागा होत्या आणि कुठल्या गटाला किती ते मतांवर ठरायचं, डच गट १०-११ वर यायचा. दहा माणसांत मंत्री कोण, समितीत कोण, विरोधात कोण, काम चालवणंच कठीण. म्हणून जागा वाढवून १७ कायमच्या बांधून टाकल्या. ब्रुसेल्सच्या मंत्रिमंडळातही एक मुख्य, मग दोन फ्रेंच दोन डच असा तोल आहे. याच्या बदल्यात अख्ख्या देशाच्या पातळीवर फ्रेंच बोलणाऱ्यांना असलेलं संरक्षण आधीपासून होतंच, तिथे ते कमी आहेत ना. म्हणजे ब्रुसेल्समध्ये जो लहान तो देशात मोठा आणि देशात जो लहान तो ब्रुसेल्समध्ये मोठा, दोघांचेही हात एकमेकांत अडकलेले, म्हणून तो करार टिकलाय. गोव्यात मराठीवाल्यांच्या हातात कोंकणीवाल्यांना देण्यासारखं असं काय आहे, किंवा उलट, हा विचार आधी करायला पाहिजे असं मला वाटतं.


फोंड्याचो

परत पर्वरी ताई, छान समजावलंत. पण मी तुमच्या शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. देण्याघेण्याचा हिशेब कशाला, भाषा जगवायची तर कायद्यात जागा पाहिजे, नुसत्या गोड बोलण्यावर काही राहत नाही.

४ फेब्रुवारी १९८७ चा कायदा वाचा. राजभाषा देवनागरी कोंकणी. मराठीही सरकारी कामासाठी वापरता येईल. येईल! त्या एका शब्दावर आम्ही जवळजवळ चाळीस वर्षं बसलोय. अर्ज मराठीत दिला तर घेतात, उत्तर इंग्रजीतून येतं. कुणावर राग म्हणून नाही सांगत, पण ज्याच्यामागे सक्ती नाही ते हळूहळू गळून पडतं हे आम्ही बघितलंय. आमच्या वाड्यावरची मराठी प्राथमिक शाळा माझ्या मुलीच्या वेळी पाच मुलांवर आली होती, ती पाचवीत गेली आणि मागून कुणी आलंच नाही. ज्या शाळेत माझा आजा, बाबा आणि मी अआइई शिकलो त्या शाळेला आता कुलूप आहे, तिथून जाताना मी मान वळवून बघत नाही.

आणि पक्ष म्हणाल तर, भाऊसाहेब बांदोडकरांनी ज्या पक्षावर पहिलं सरकार केलं तो मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, १९८९ ला सुद्धा ४० पैकी १८ वर होता, काँग्रेस २० वर. २०२२ ला मगो २ वर. म्हणजे मतपेटीतून मराठीचा आवाज येण्याचा रस्ताच अरुंद होत गेला. शाळेच्या माध्यमाच्या प्रश्नावर भाषा सुरक्षा मंचवाले रस्त्यावर उतरले, त्यातून वेगळा पक्ष काढला, २०१७ ला मगो आणि शिवसेनेबरोबर लढले, काय हाती आलं सगळ्यांना माहीत आहे.

मला त्या जर्मन लोकांचं सगळ्यात आवडलं. ऐंशी हजारांच्याही आत माणसं, म्हणजे आमच्या एका पेडणे तालुक्याएवढी वस्ती, आणि त्यांना २५ जणांची स्वतःची संसद, शाळा कशा चालवायच्या ते स्वतः ठरवतात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून बेल्जियमकडे आलेला तुकडा तो. त्यांना कुणी म्हटलं नाही की तुम्ही एवढेसे आहात, फ्रेंच शिका आणि गप्प बसा. मग आम्ही मराठीसाठी मागितलं की आम्हीच फूट पाडणारे कसे होतो?


सासष्टी

मी सासष्टीतला, घरी कोंकणी रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहितो, मराठी शाळेत शिकलो आणि आवडीने वाचतो, म्हणून इथे येतो. फोंड्याचो भाई, तुमच्या शाळेचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण थोडं आमच्या बाजूने पण बघा.

माझी आई १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाला रांगेत उभी होती, दोन पानांवर मत द्यायला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, चौतीस हजारांचा फरक. आई सांगायची की त्या महिन्यात बाजारात हिंदू शेजारीण भेटली तरी आधी एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं, ही कुणाकडची. निकाल लागल्यावर दोघी एकत्र बसून रडल्या, एक आनंदाने आणि एक दुःखाने, पण एकत्र. आणि दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली त्यात लोकांनी परत भाऊसाहेबांनाच निवडून दिलं. म्हणजे त्याच माणसांनी जानेवारीत विलीनीकरणाला नाही म्हटलं आणि मार्चमध्ये विलीनीकरण मागणाऱ्या पक्षाला सरकार दिलं. यादीप्रमाणे मोजलं असतं तर हे लोक कुठल्या रकान्यात बसले असते? गोव्याचा मतदार भाषेला एक मत देतो आणि सरकारला वेगळं मत देतो, हे तेव्हापासून चालत आलंय.

दुसरं, फोंड्याचो म्हणतात मराठीला कायद्यात नीट जागा नाही, बरोबर आहे, पण आमची तर लिपीच कायद्यात नाही. कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी एवढंच लिहिलंय. माझ्या आजोबांनी आयुष्यभर रोमीत चिठ्ठ्या लिहिल्या, तियात्र म्हणजे आमची नाटकं रोमीत, चर्चमधली प्रार्थना रोमीत. मग उद्या जागा वाटायला बसलात तर मराठी एक, देवनागरी कोंकणी दोन, रोमी कोंकणी तीन, आणि वास्कोला कन्नड आणि हिंदीवाले विचारतील की आम्ही किती पिढ्या इथे आहोत, आमच्या कुठल्या?

जर्मनांचं उदाहरण गोड आहे पण ते सगळे एका ठिकाणी राहतात, नऊ नगरपालिका, नकाशावर बोट ठेवता येतं. आमच्याकडे नकाशावर रेघ कुठून काढणार? घराच्या मधून? बेल्जियमने १९६२-६३ ला भाषेची रेघ काढली तेव्हा व्हूरेन म्हणून सहा खेडी फ्रेंचवाल्या लीएजकडून काढून डचवाल्या लिंबर्गला दिली. त्या सहा खेड्यांवरून पुढे पंचवीस वर्षं भांडण चाललं, तिथला फ्रेंच बोलणारा महापौर डच बोलायला तयार नाही म्हणून १९८७ ला देशाचं सरकार पडलं. १९८७, बघा, आमचा राजभाषा कायदा झाला तेच वर्ष. आमच्याकडे त्याच्या आधी डिसेंबर ८६ ला भाषेवरून ज्या दंगली झाल्या त्या ज्यांनी बघितल्यात त्यांना परत बघायचं नाही.


साखळीकार

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सासष्टी, तुमच्या आईची गोष्ट मी आज बाबांना वाचून दाखवली. ते फुलावर मत दिलेले, तेव्हा नुकतेच मतदार झालेले. बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, विचार त्यांना, त्यांची आई आहे का अजून.

परत पर्वरी ताई, एक विचारायचं राहिलं. १७ जागा बांधून दिल्यावर तिथलं भांडण मिटलं का? म्हणजे करार टिकलाय म्हणता, पण काम चालतं का?


परत पर्वरी

हेच मी पहिल्या वेळी लिहायला पाहिजे होतं.

ब्रुसेल्सचं सरकार करायचं तर अख्ख्या ८९ चं बहुमत चालत नाही, दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत लागतं. २०२४ ला फ्रेंच बाजूला उदारमतवादी एमआरला २०, समाजवादी पीएसला १६, मधल्या वाटेच्या एंगाजेला ८ मिळाल्या, म्हणजे ७२ पैकी ४४, लगेच ठरलं. डच बाजूला १७ जागांत आठ पक्ष. सगळ्यात मोठा ग्रून, पर्यावरणवाले, त्यांना ४. त्याच्या खाली अहिदार यांचा नवा पक्ष ३, मग चार पक्षांना दोन-दोन आणि दोन पक्षांना एक-एक. आता यातून नऊ जमवायचे. जमवले तर त्यात एन-व्हीए आला, दोन जागांचा फ्लेमिश राष्ट्रवादी पक्ष, तर फ्रेंच बाजूचा पीएस म्हणाला आम्ही त्यांच्याबरोबर बसणार नाही. त्यांना काढलं तर डच उदारमतवादी म्हणाले मग आम्ही नाही. शहरात बारा लाखांवर लोक, मेट्रोचं काम, कर्जाचा डोंगर, आणि वर्ष उलटून गेलं तरी नवं सरकार नव्हतं, जुनंच काळजीवाहू चालत राहिलं. देशाच्या पातळीवर तर २०१०-११ ला ५४१ दिवस सरकार नव्हतं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल.

याच्या मुळाशी काय आहे तर पक्षच भाषेप्रमाणे फुटलेत. १९६८ पासून दहा-बारा वर्षांत ख्रिश्चन लोकशाहीवाले, उदारमतवादी, समाजवादी सगळे दोन-दोन झाले. आज अँटवर्पमधल्या माणसाला वालोनीतल्या पक्षाला मत देताच येत नाही, एक डावा पक्ष सोडला तर दोन्हीकडे एकच यादी घेऊन जाणारं कुणी मोठं नाही. मग फ्लेमिश पुढाऱ्याला फ्रेंच मतदाराची भीती कशाला वाटेल? त्याला त्यांच्या दारात कधी जायचंच नाही. आमच्याकडे मांद्रेचा आमदार असो की नुव्याचा, त्याला प्रचारात कोंकणी बोलावी लागते, पत्रक मराठीत छापावं लागतं, आणि कुणाचं तरी लग्न किंवा चर्चचं फेस्त चुकवता येत नाही. ही अडचण नाही, हीच आपली पुंजी आहे, ती कायद्याने मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

मी शिकले त्या लुव्हेनचं विद्यापीठ १९६८ ला भाषेवरून दोन झालं, फ्रेंचवाल्यांनी पंचवीसेक किलोमीटरवर नवीन गावच वसवलं. ग्रंथालयाची पुस्तकं वाटली तर सम आकडे एका बाजूला आणि विषम दुसऱ्या. ग्रंथालयात मांडणीसमोर उभं राहून कुणीतरी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला आमच्या घरातलं कपाट डोळ्यासमोर आलं, वरच्या खणात ज्ञानेश्वरी आणि खालच्या खणात आईच्या कोंकणी मासिकांचे गठ्ठे. ते कोण वाटणार आणि कसं.

आणि साखळीकार, तुमच्या जनगणनेशी जुळणारी गोष्ट. बेल्जियममध्ये पूर्वी जनगणनेत भाषा विचारायचे आणि त्या आकड्यावर गाव कुठल्या भाषेचं ते ठरायचं. १९४७ ची मोजणी शेवटची. लोक खरी भाषा सांगायचे बंद झाले, गाव कुठे जावं असं वाटतं ते सांगायला लागले, म्हणजे मोजणीचं मतदान झालं. निकाल एवढे वादाचे की ते १९५४ पर्यंत छापलेच नाहीत, आणि १९६१ ला कायदा करून भाषेचा प्रश्नच जनगणनेतून काढून टाकला. तेव्हापासून बेल्जियममध्ये कोण किती जण कुठली भाषा बोलतात हे सरकारने मोजलेलं नाही. भाषेवर एवढं राज्य उभं केलं आणि भाषा मोजायची सोय नाही. तुमचे बाबा आणि आत्या २०११ ला भांडले ते याच कारणाने भांडले, दोघांनीही उत्तर दिलं नाही, मत दिलं.


पणजी ४०३००१

मला भाषेच्या जागांपेक्षा दुसरीच गोष्ट वाटते. फोंड्याचो म्हणतात मगो १८ वरून २ वर आला, पण आकडे बघा ना, २०२२ ला मगोला साधारण साडेसात टक्के मतं होती आणि जागा २. आरजीपीला, म्हणजे रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला, त्याहून जास्त, नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि जागा १, ती पण सांत आंद्रेत ७६ मतांनी. बेल्जियमच्या पद्धतीने चाळीसात तीन-चार जागा तरी आल्या असत्या. आमच्याकडे एकेका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार, चौघांनी मतं खाल्ली की आठ हजारांवर माणूस आमदार. त्यात ज्याचा विषय सगळ्या गोव्यात थोडा थोडा पसरलेला आहे तो मार खातो, आणि मराठीचा विषय तसाच आहे, कुठे सत्तरीत जास्त, कुठे पेडण्यात, पण थोडा सगळीकडे. तर मागायचं असेल तर मतांच्या प्रमाणात जागा मागा, त्यात मराठीवाले आले, रोमीवाले आले, कुणाला कपाळावर भाषा लिहून घ्यावी लागत नाही. भाषेप्रमाणे राखीव जागा आपल्या घटनेत नाहीतच, अनुसूचित जाती-जमातींना आहेत, आमच्याकडे पेडणे राखीव आहे ते त्यातलं. प्रमाणाच्या पद्धतीसाठी सुद्धा दिल्लीतून कायदा बदलावा लागेल, मला कळतं, पण निदान मागणी तरी सगळ्यांची एक होईल.


फोंड्याचो

पणजी, हे मी असं कधी बघितलं नव्हतं. प्रमाणाचं पटतंय. सासष्टी, रोमीचं पण पटलं, आम्ही सभेत मराठीला डावललं म्हणतो तेव्हा त्याच कायद्याने आणखी कुणाला बाहेर ठेवलंय ते कुणी बोलत नाही, मी पण बोललो नव्हतो. शाळेबद्दल मात्र माझं म्हणणं तसंच आहे. कुठलीही निवडणूक पद्धत आणा, मुलं मराठी शाळेत आली नाहीत तर विधानसभेत मराठी बोलणारा येणार कुठून.


निवृत्त मास्तर, सत्तरी

मी उशिरा वाचलं. मी प्राथमिक शिक्षक होतो, १९९१ आणि २००१ ला जनगणनेला गेलो होतो, सत्तरीतल्या वाड्यावाड्यांवर चालत. एक गोष्ट सगळे विसरताहेत म्हणून लिहितो.

आपल्या जनगणनेत भाषेचा रकाना एकच नाही. मातृभाषा वेगळी विचारतात आणि त्यानंतर येत असलेल्या आणखी दोन भाषा विचारतात. म्हणजे तीन भाषा लिहून घेण्याची सोय आहे. पण लोक पहिलं उत्तर देऊन मोकळे होतात आणि मोजणारा पण घाईत असतो, सूर्य डोक्यावर आलेला, अजून वीस घरं राहिलेली, दुसरे रकाने तसेच राहतात. मी स्वतः अशी घरं पुढे ढकललीत, आज त्याचं वाईट वाटतं. २०११ च्या आकड्यांत गोव्यात मातृभाषा कोंकणी सांगणारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे ११ टक्क्यांच्या आसपास आले, आणि दोन्ही बाजू तेच आकडे घेऊन भांडतात. त्या ६६ मधले किती जण रोज मराठी वाचतात आणि त्या ११ मधले किती जण घरात कोंकणी बोलतात ते त्या एका रकान्यातून कधीच दिसणार नाही.

आणि मातृभाषा म्हणजे काय हेही आम्हाला शिकवलेलं असायचं. लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलली ती. तुम्हाला आवडते ती नाही, पेपर वाचता ती नाही, कुठल्या पक्षाला मत देता त्याचा तर काही संबंध नाही. सांगणारा जे सांगेल ते लिहायचं, आपण वाद घालायचा नाही. २०२७ ला कुणी दारात आलं तर त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि तिन्ही रकाने भरून झाल्याशिवाय उठू देऊ नका. मुलांना, सुनांना पण सांगून ठेवा, दारात बहुतेक वेळा त्याच येतात.


साखळीकार

मास्तर, तुम्ही लिहिलेलं मी काल संध्याकाळी दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवलं, आत्याला मुद्दाम बोलावून. आई लहानपणी तुमच्याशी काय बोलायची, असं विचारलं. बाबा म्हणाले, कोंकणी, दुसरं काय. आत्या म्हणाली, थांब, जात्यावर बसली की ओव्या मराठीत म्हणायची आणि मी तिच्या मांडीवर असायचे, मग ते माझ्याशी बोलणं नव्हतं का?

त्यावर बाबांनी तीच ओवी म्हणायला सुरुवात केली, दुसरी ओळ आत्याला येत होती.